आठ वाजताची दोन धिरडी

माझ्या सुनेची पाळी चार-चार महिने यायची नाही. हार्मोन्सचा बिघाड आहे, असं आमच्या भोपाळच्या कारखाना-वसाहतीतल्या दवाखान्यात सांगितलं. तिथे तेव्हा अशा बायकांवर संशोधन चाललं होतं. एक गोळी, आणि जोडीला ठरवून दिलेला आहार. सुनेने नीट विचारून सही केली. एक वही मिळाली. काय खाल्लं, किती वाजता, रोज लिहायचं.

मी म्हटलं, खाण्याचं माझ्यावर सोड. आम्ही मूळचे नागपूरचे, खाऊ घालण्यात मागे नाही. तक्त्यात मुगाची धिरडी होती, इकडे त्यांना चीले म्हणतात. मी रोज पहाटे मूग वाटून ठेवायची आणि मग देवाजवळ बसायची; धिरडी सून घालायची.

महिन्याभरात ती सकाळी बेसिनपाशी ओकाऱ्या काढायला लागली. मला वेडीला वाटलं, गोड बातमी आहे. तसं काही नव्हतं.

तपासणीला मी सोबत गेले. आहाराचं बघणारी मुलगी इकडचीच. वहीवर बोट ठेवून वाचू लागली, "सुबह आठ बजे, दो मूंग के चीले, एक कटोरी दही. माँजी, खिलाती तो आप बढ़िया हैं."

मी फुलले की हो. तेवढ्यात डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "खाना सही है, फिर भी फ़र्क़ नहीं. गोली बढ़ाकर देखते हैं."

आठ वाजता? आठला तर कारखान्याचा भोंगा होतो. त्याआधी ही नवऱ्याचा डबा भरते, सासऱ्यांना चहा देते. ती धिरडी माझा मुलगा खातो, उभ्याउभ्या, तव्यावरून. ही खाते अकराला, उरलंसुरलं. गोळी मात्र बरोबर आठला, रिकाम्या पोटी; म्हणून त्या ओकाऱ्या. सासरचं नाव राहावं म्हणून घरात शिजलं ते तिने आपल्या नावावर लिहिलं होतं.

शेजारच्या टेबलावर कारकूनबाई, आमच्याच लाइनीतल्या, तीन घरं सोडून राहणाऱ्या. सून माझ्याकडे बघत होती, बोलू नका म्हणून. गप्प राहिले असते तर घराची अब्रू राहिली असती, आणि तिची गोळी वाढली असती.

"डॉक्टर साहब, ये चीले इसने खाए नहीं," मी म्हटलं. "हमारे घर बहू सबसे आख़िर में खाती है. मैंने कभी पूछा नहीं."

डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत. गोळी होती तेवढीच ठेवली, वहीच्या त्या पानांवर रेघ मारली. "गोली खाने के साथ. और कल से सच लिखना, बेटा."

वाटेत सून रडवेली. "आई, आता लाइनभर बोभाटा होईल."

"होऊ दे. त्यांच्या घरी काय वेगळं आहे?"

नाक पुसता पुसता हसली पोर.

दुसऱ्या दिवशी मी देव तसेच ठेवले आणि तव्याशी उभी राहिले. तिला खाली बसवलं. मुलगा आत आला. "आई, भोंगा होईल आता. माझं?"

"तिचं होऊ दे आधी."

तो बिचारा दाराला टेकून उभा राहिला. तिने मान खाली घालून एक धिरडं संपवलं, गोळी घेतली, वही ओढली.

"आई, दोन लिहू?"

"दुसरं खा, मग लिही."