चुकलो म्हण

बेलापूरच्या कोर्टाबाहेर मी बावीस वर्षं टायपिंग करते. आधी मशीनवर, आता कॉम्प्युटरवर. प्रतिज्ञापत्रं, भाडेकरार, नावातले बदल, हरवलेल्या कागदांचे अर्ज. त्यामुळे घणसोली गावात मला अर्धी वकील समजतात, आणि खरं सांगायचं तर मीही तसंच समजत होते. कुणाला नोटीस आली की वकिलाच्या आधी माझ्या दारात. धाकटा भाऊ तेरा वर्षं सैन्यात होता, तरी त्याचेही कागद मीच बघायचे.

आई मोरीत घसरून पडली तेव्हा तो सुट्टीवर आलेला होता. मांडीचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, आणि दोन दिवसांनी त्याची सुट्टी संपत होती. घरात आई आणि मी दोघीच. मीच त्याला म्हटलं, थांब, मी एकटी हिला उचलणार कशी? रजा वाढवून मागणारा अर्ज मीच टाइप केला, हॉस्पिटलचे कागद जोडले, स्पीडपोस्टानं पाठवला आणि पावती फाइलला लावली. आमच्या माहितीतल्या कचेऱ्यांत अर्ज दिला की रजा मिळाल्यातच जमा असते. युनिटमधून फोन आला, रजा वाढवलेली नाही, ताबडतोब हजर हो. तो म्हणाला, "आय उबी रायली का लगेच निगतो." आई वॉकर धरून उभी राहायला महिना लागला.

तो आपल्या पायानं परत हजर झाला. मग काही आठवड्यांनी त्याचा फोन आला. मी कुणाचं तरी कुलमुखत्यारपत्र टाइप करत होते.

"बाय, आरोपपत्र दिलंय. चार दिवसांनी साहेबांपुढं कोर्ट मार्शल हाय."

"वकील कोण देणार?"

"यात वकील नसतो. मदतीला एक साहेब बाजूला बसल, पन तो माज्यावतीनं बोलनार नाय. मना इचारतील, गुन्हा कबूल हाय का नाय." मग त्यानंच विचारलं, "आयचे कागद दाखवू काय?"

मी दोन मिनिटांत निकाल देऊन मोकळी झाले. आमच्या गावात भांडण झालं की गावदेवीच्या देवळात बसून मिटवतात. ज्याची चूक असेल त्यानं देवीपुढे नारळ ठेवायचा, हात जोडायचे, चुकलो म्हणायचं. मग कुणी तरी म्हातारा म्हणतो, झालं, ऊठ आता. पुढे चकार शब्द कुणी काढत नाही. लहानपणापासून मी हेच बघितलं. किरकोळ खटल्यांत कोर्टातही तेच बघितलं, कबूल करा, दंड भरा, घरी जा. आणि वाद घालणाऱ्याचे हाल कसे होतात तेही बघितलं.

"कागद-बिगद काढू नकोस," मी म्हटलं. "साहेबाला वाटेल उलट बोलतोस. सरळ चुकलो म्हण. शिक्षा झाली तरी थोडक्यात सुटशील."

"बरं," तो म्हणाला. मोठी बहीण सांगते म्हटल्यावर तो कधी दुसरं काही म्हणालाच नाही. यावरून मी त्याला लहानपणी खूप चिडवायचे.

चार दिवसांनी दुपारी पुन्हा फोन. "बाय, अर्ध्या तासात झाला. नोकरीतून काढलं."

कबुली दिली की तिथे पुढे ऐकायचं काही उरत नाही, हे मला तेव्हा कळलं. साक्षीदार नाहीत, कागद नाहीत. युनिटचा साहेब तोच न्यायाधीश आणि हुकूम त्याच दिवशी लागू. गावदेवीच्या जत्रेपायी तो आधी दोनदा उशिरा पोचला होता, त्या शिक्षा कागदावर होत्याच. पेन्शनला दोन वर्षं बाकी होती. नंतर मी एका वकिलाकडून सैन्याचा कायदा मागून आणला आणि ते कलम बोट ठेवून वाचलं. रजा संपल्यावर बाहेर राहणं हा गुन्हा आहे, पण 'पुरेसं कारण नसताना'. हे तीन शब्द मी आधी वाचले असते तर! पुरेसं कारण माझ्या कपाटात फाइल लावून पडलं होतं, एक्स-रेसकट. मला माझ्याच थोबाडीत मारून घ्यावंसं वाटलं.

आम्ही मुंबईला सैन्याच्या न्यायाधिकरणात काम करणाऱ्या वकिलांकडे गेलो. त्यांनी निकालाचा कागद माझ्यापुढे सरकवला. खाली लिहिलं होतं, कबुलीचा परिणाम आरोपीला समजावून सांगितला व तो त्याला समजला. खाली भावाची सही. असली ओळ मी दिवसातून वीसदा टाइप करते. समजावून सांगताना मी आजवर कुणाला बघितलेलं नाही.

"कागद असताना कबूल का केलंत?" वकिलांनी विचारलं. "कुणी दबाव आणला होता?"

"नाय साहेब," भाऊ म्हणाला. "माजं मीच ठरवलं."

मला ते सहन झालं नाही. "मी सांगितलं, साहेब," मी हात जोडले. "माझं चुकलं."

वकिलांनी पेन खाली ठेवलं. "तुम्ही बहीण. एखाद्या अधिकाऱ्यानं सांगितलं असतं तर मुद्दा झाला असता. तुमच्या चुकीचा आपल्याला काही उपयोग नाही, ताई." ते चांगुलपणानंच बोलले. मी हात कुठे ठेवावे ते न कळून पदर सारखा करत राहिले.

अर्ज दाखल आहे. तारखा पडतात. भाऊ सध्या उरणला एका गोदामाच्या गेटवर उभा राहतो आणि तिथला निळा शर्ट तिथेच ठेवून घरी येतो. आईला आम्ही काही सांगितलेलं नाही. मित्राच्या गोदामात हातभार लावायला जातो, एवढंच तिला माहीत आहे. ती आता काठीवर चालते. परवा तो जेवायला बसला तेव्हा ती त्याच्याशेजारी टेकली आणि त्याच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली, "या येलेला लय मोटी रजा दिली रं तुला. साहेब चांगला हाय तुजा."

मी भाताचं पातेलं हातात घेऊन तशीच उभी राहिले. त्यानं माझ्याकडे बघितलंही नाही.

"हा आये," तो म्हणाला. "बायनं अर्ज लिवलेला ना, तो मंजूर झाला."