तेरा डालगी भुसकट
माकणीजवळच्या एका शाळेत चांगुणा अठरा वर्षं खिचडी शिजवत होती. शाळेची परसबागही तिच्याकडंच. उन्हाळ्याची सुट्टी लागली, पोरं गेली. वांगी-टोमॅटोचा वाफा मात्र तिथंच राहिला. रोज हापशावरून पंधरा घागरी. घरी नवरा, आबाराव, चार वर्षांपासून अंथरुणाला खिळलेला. त्याचं सगळं उरकून ती शाळेत यायची तेव्हाच थकलेली असायची.

एकदा मुख्याध्यापिका भाग्यश्री मॅडम कागदपत्रांसाठी आल्या. सुकलेली पानं बघून म्हणाल्या, "चांगुणाबाई, भुसकटाचा थर द्या. ओल टिकंल, पाणी कमी लागंल."

"किती लागंल भुसकट?"

मॅडमनी टेप लावला. वाफा वीस फूट लांब, चार फूट रुंद. थर तीन इंचांचा. मोबाइलवर हिशेब करून म्हणाल्या, "वीस घनफूट."

"त्ये डालग्यात किती हुतंय?"

डालग्याचं माप मॅडमनाही ठाऊक नव्हतं.

चांगुणाला आकडा हवाच होता. भुसकट रस्त्यापलीकडं, बंडप्पाच्या रानात. गंजीच्या तळचं काळं पडलेलं सोयाबीनचं भुसकट. "गुरं तोंड लावंनात, न्या कितीबी," तो म्हणाला होता. पण डोक्यावरून आणायचं तिनंच, आणि एकही खेप वाया घालवायची ताकद तिच्या गुडघ्यांत नव्हती.

तिनं एक डालगं, म्हणजे मोठी टोपली, भरून आणलं, वाफ्याच्या टोकाला ओतलं आणि चार बोटं जाड पसरलं. खोडापाशी जागा मोकळी ठेवली. मग कोपरापासून बोटांपर्यंत हात टेकवून मोजलं. एका डालग्यात बरोबर एक हात वाफा झाकला गेला. सगळा वाफा तेरा हात भरला.

"तेरा खेपा," ती स्वतःशीच म्हणाली आणि खाली बसली.

पहिल्या दिवशी सात आणल्या, दुसऱ्या दिवशी सहा. वरून पाणी मारलं. तिसऱ्या दिवशी येऊन बघते तर थर दबून जेमतेम तीन बोटं राहिलेला. मॅडमही आल्या होत्या.

"दबतंय ह्ये म्या धरलंच न्हाय," चांगुणा म्हणाली. "तीन-चार खेपा आणखी."

मॅडमनी पदर खोचून डालग्याचा एक काठ धरला. दोघींनी मिळून चार खेपा केल्या. मॅडमच्या केसांत भुसकट अडकलं, चांगुणाला हसायचंही त्राण नव्हतं.

त्यानंतर पाणी दर तिसऱ्या दिवशी पुरू लागलं. भुसकट बाजूला सारलं की खाली माती ओली लागायची. मोकळ्या मिळालेल्या पहिल्या दुपारी ती आबारावच्या खाटेशेजारी आडवी झाली.

"आज शाळंत जायचं न्हाय?" त्यानं विचारलं.

"न्हाय," ती म्हणाली, आणि त्याचं पुढचं बोलणं ऐकायच्या आतच तिला झोप लागली.