कुठं अडलं ते सांगा

माझ्या गणिताच्या मित्राइतका चिंतातुर माणूस अमरावतीत दुसरा झाला नाही, आणि अकोल्यात झाला असेल तर तो त्याचा सख्खा भाऊच असला पाहिजे. आम्ही दोघं एकाच कॉलेजात शिकवायचो, तो गणित आणि मी मराठी. दूध नासलं तर लोक कोरा चहा पिऊन मोकळे होतात. हा आधी पातेलं, मग गवळी, मग गवळ्याची म्हैस असा उलटा तपास करत जाई आणि चहा राहूनच जाई. एकदा आमची मोर्शीची बस चुकली. मी निंबाखाली बसलो, हा उभ्याउभ्याच सुरू झाला, "बस चुकली, कावून का टांगा उशिरा भेटला. टांगा उशिरा कावून, त तू चप्पल शोधून राहिला होता. चप्पल हरपली कावून..." तो माझ्या लग्नापर्यंत मागे पोचला तोवर पुढची बस आली, आणि त्या नादात तीही गेली.

या खोडीचं मूळ त्याच्या मॅट्रिकमध्ये होतं. नांदगाव खंडेश्वरला शिकत असताना तो एकदा नापास झाला. झाला म्हणजे काय, तर वर्तमानपत्रात त्याचा नंबर नव्हता. कोणता विषय, कोणतं गणित, काही कळायला मार्ग नाही. बिचाऱ्यानं वर्षभर सगळे पेपर मनातल्या मनात पुन्हा सोडवले. "नुसतं चुकलं म्हननं म्हणजे शिवी देनं होय गड्या," तो म्हणायचा, "कुठं अडलं ते सांगा ना!"

अशा माणसाच्या नशिबी गणकयंत्र यावं! उन्हाळ्यात भिंतींतून घरात किती उष्णता शिरते, हा त्याच्या पीएच.डी.चा विषय होता. अमरावतीत मे महिना काढलेल्या माणसाला तो सुचायला फारशी प्रतिभा लागत नाही. पण गणित इतकं लांबलं की हातानं उरकेना. तेव्हा, म्हणजे एकोणीसशे साठनंतरच्या त्या वर्षांत, मुंबईच्या एका संस्थेतलं यंत्र असली कामं करून द्यायचं. हा फोरट्रान नावाच्या यंत्राच्या भाषेत पानंच्या पानं लिहून टपालानं पाठवी. तिथली मंडळी ती कार्डांवर भोकं पाडून यंत्राला भरवत, आणि पुष्कळ दिवसांनी उत्तर येई. उत्तर म्हणजे एक ओळ: चूक, आणि पुढे कसलासा आकडा. झालं, पुन्हा मॅट्रिक.

त्याची अन्नावरची वासना उडाली. प्रबंध सुट्टीआधी दिला नाही तर नोंदणी रद्द, आणि नोंदणी गेली की कॉलेजातली कच्ची नोकरीही गेली, हे तो मला रोज नव्यानं सांगे. टपालवाला गल्लीत शिरला की हा दारात, आणि त्यानं पिशवीत हात घातला की हा घरात.

शेवटी त्यानं यंत्रालाच बोलायला शिकवायचं ठरवलं. मोठं काम तो लहान तुकड्यांत वाटत असे. एक तुकडा दुसऱ्याला हाक मारी, दुसरा तिसऱ्याला. त्यानं प्रत्येक तुकड्याला नाव दिलं, आणि अडल्यावर त्यानं काय छापायचं तेही लिहून दिलं. अक्षरं इंग्रजी, पण बोली आपली वऱ्हाडी. "हे पाय," तो म्हणाला, "जो अडला तो आधी बोलन. मंग त्याले हाक मारनारा. सगळ्यात मागून मालक, म्हंजे साऱ्याइले कामाले लावनारा. तुह्यासारख्याले समजलं तरच खरं."

पाकीट आलं. आत तीच एक ओळ, आणि मुंबईच्या कुणा भल्या गृहस्थाची चिठ्ठी: छपाईत बिघाड होऊन खाली काही निरर्थक अक्षरं उमटली होती, ती कापून टाकली आहेत, तसदीबद्दल क्षमस्व.

मला हसू फुटत होतं, पण त्याचा चेहरा पाहून ते गिळलं. आता दोनच फेऱ्यांपुरता वेळ होता, एक चूक सापडायला आणि एक उत्तराला. या खेपेला त्यानं माझ्याकडून शुद्ध पुणेरी मराठीत विनंतीपत्र लिहून घेतलं, की खालचा मजकूर अशुद्ध वाटला तरी तो मुद्दाम तसा आहे, कृपया कापू नये.

पुढचं पाकीट त्याच्यानं फोडवेना. "तूच फोड. माह्याच्यानं नाई होत." तो भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. मी एकेक अक्षर लावत वाचलं, "मी उष्णता. अडलो. जाडी शून्य हाय, भागू कसा? मले तिसऱ्या भिंतीनं हाक मारली. तिले घरानं. घराले मालकानं."

"अबे," मी ओरडलो, "तुह्या तिसऱ्या भिंतीले जाडीच नाई!"

माहितीच्या कागदावर तिसऱ्या भिंतीची जागा कोरी राहिली होती, आणि कोऱ्या जागेला ते यंत्र शून्य समजे. पण त्याला त्याचं काहीच नव्हतं. त्यानं माझे दोन्ही खांदे धरले आणि डोळे भरून म्हणाला, "तुले समजलं! गणितात ढ मानसाले समजलं!"

प्रबंध वेळेत गेला. पुढे त्या मुंबईच्या संस्थेनंच त्याला बोलावून घेतलं. सुरुवातीला आठवड्याला पत्र यायचं, शेवटची बातमी आधी आणि सुरुवात सर्वांत खाली. मग पत्रं महिन्यावर गेली, मग दिवाळीवर, मग तीही थांबली. भांडण नाही, रुसवा नाही. अडलं तर काय म्हणायचं, ते आम्ही दोघांनीही आधी कुठं लिहून ठेवलं नव्हतं. मला त्याची फार आठवण येते.

परवा मी त्याला एक पोस्टकार्ड टाकलं. वर एवढंच लिहिलं, "गड्या, अडलो. कुठं, ते तू सांग." अजून उत्तर नाही. टपालवाला गल्लीत शिरला की आता मी दारात असतो, आणि त्यानं पिशवीत हात घातला की घरात.