घडीची सायकल

अख्ख्या तारापूर एमआयडीसीत घडीची सायकल बनवणारा पहिला माणूस मी! दुसरा कुणी झालाच नाही. पहिली बघूनच सगळे शहाणे झाले. त्या एका सायकलीवर किस्से किती चढले म्हणून सांगू! कॅरिअरवर एक बसवावा, तर दांडीवर दुसरा येऊन बसतो.

झालं असं. उमरोळीच्या आमच्या वाडीपासून कंपनीच्या बसचा नाका लांब. नाक्यावर सायकल ठेवून बस पकडायची. संध्याकाळी उतरलो की कधी घंटी गायब, कधी सीट! सीटशिवाय घरी कसा गेलो, ते विचारू नका.

संखे फोरमनला म्हटलं, "साहेब, सायकल बसमध्ये घेऊ द्या."

तो पुढच्या सीटवरून ओरडला, "घडी करून खिशात घाल, मग चढ!"

अख्खी बस हसली. मी तिथंच ठरवलं, घालतोच!

*

मनोरच्या भंगारवाल्याकडे एक फुल साइज सायकल हेरली. खिसा हलका, म्हणून डोकं चालवलं. म्हटलं, "चाचा, मी ही मधोमध कापणारच हाय. कापलेल्याच्या भावात दे की!"

चाचा शांतपणे म्हणाला, "बोकड कापल्यावर भाव वाढतो, ठाऊक हाय ना?"

गुपचूप अख्ख्या सायकलीचे पैसे दिले.

*

आमचा वेल्डर रामदुलार. त्यानं दांडी आणि खालची नळी कापली आणि ट्रकच्या फाळक्याच्या दोन जाडजूड बिजागऱ्या जोडल्या. सायकल उलगडली की मध्ये पिन अडकवायची, म्हणजे ती मिटत नाही. वर मी हँडलला आरसे लावले, मडगार्डला झालरी लावल्या.

रामदुलार चारी बाजूंनी बघत म्हणाला, "भैया, साइकिल कम, टेम्पो ज्यादा लगती है. नंबर प्लेट भी ठोक दूँ?"

मी म्हटलं, "ठोक!"

ठोकली हो त्यानं!

*

सायकल दारात आली तेव्हा माझी बहीण कुसुम माहेरपणाला आलेली. "घडीची सायकल" ऐकल्यावर पदर खोचून पुढं झाली. "दादा, नव्या लुगड्याची घडी बहीण मोडते. मग हिची पण मीच मोडणार!"

बसली आणि निघाली उतारावरून. पिन माझ्या हातातच! बांधापाशी सायकल मिटली आणि मध्ये कुसुम!

भाताच्या चिखलातून आवाज आला, "दादा, घडी मोडायची होती रे, कंबर नाय!"

*

मग आला तो दिवस. बायकोनं, सुमननं, जुन्या ताडपत्रीचा एक भलामोठा खिसा शिवून दिला. वर झाकण, झाकणाला बटण! त्यात सायकल घालून, पट्टा खांद्याला अडकवून, घामाघूम होत बसमध्ये चढलो.

फोरमन उठलाच. "ह्यात काय हाय?"

"सायकल, साहेब."

"सायकल आत नाय!"

"तुमीच म्हणालात, घडी करून खिशात घाल. ही घडी. हा खिसा. बटण पण लावलंय!"

बस अशी हसली की ड्रायव्हरनं इंजिन बंद केलं. फोरमननं बटण दाबून बघितलं, मग स्वतःच सरकून जागा दिली! त्या दिवसापासून सायकल रोज बसमधून गेली, पुढच्या सीटशेजारी, साहेबासारखी.

घरी येऊन सगळं सुमनला रंगवून सांगितलं. छाती फुगवून विचारलं, "आता बोल! एवढ्या मोठ्या सायकलीची घडी घालणारा नवरा अख्ख्या तालुक्यात कुणाला हाय?"

ती भाकरी थापता थापता म्हणाली, "मग सकाळी अंथरुणाची घडी घालायला काय वेल्डर बोलवू?"