नायनांना खाली उतरवताना

सोलापूरच्या पूर्व भागातलं आमचं घर आम्ही सोडलं ते दारातून नव्हे, खिडकीतून. एप्रिलची दुपार होती. नायनांना, म्हणजे माझ्या वडिलांना, जाड सोलापुरी चादरीत गुंडाळून मी आणि शेजारचे रशीदचाचा त्यांच्या गच्चीवर ओढून घेत होतो आणि मागे आमच्या जिन्यातून काळा धूर वर चढत होता. गच्ची इतकी तापली होती की माझ्या अनवाणी तळपायांना फोड आले, तेही मला संध्याकाळी कळलं. घर सोडताना माणूस मागे वळून बघतो म्हणतात. मीही वळले, पण घराकडे बघायला नाही. अम्मा अजून आतच होती.

त्या गल्लीत अजून राहणारे तुम्ही विचारता, "विजयाक्का, ऐन वेळी एवढं सुचलं कसं?" आणि तिथून पुण्याला, हैदराबादला गेलेले तुम्ही विचारता, "पुण्यात चांगलं बस्तान बसत होतं, मग परत का गेलात?" दोघांना मिळून एकदाच सांगते. वेगवेगळं सांगण्याचं त्राण आता राहिलेलं नाही.

ऐन वेळी काही सुचलं नव्हतं. निघायचं कसं, हे आम्ही वर्षभर ठरवत होतो.

आमचं घर तुम्हाला माहीत आहे. खाली कारखाना, वर आम्ही. खाली टॉवेलचे माग, भिंतीला लावून सुताचे गठ्ठे, आणि वरून येणारा एकुलता एक जिना थेट मागांच्या मधोमध उतरायचा. बाहेर पडायचं तर कारखान्यातूनच पुढच्या शटरपर्यंत जायचं. आमच्याकडं बहुतेक घरं अशीच. कामावर जायला रस्ता ओलांडावा लागत नाही, याचं नायनांना कौतुक होतं. मी सासरहून कायमची परत आले तेव्हा ते एवढंच म्हणाले होते, "आलीस ते बरं झालं. खाली एक माणूस कमीच होतं." दुसऱ्या दिवसापासून मी खाली उतरले ती उतरलेच.

मग नायनांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली, आणि आयुष्यभर बाजारात बोललेलं मराठी एका रात्रीत पुसलं गेलं. राहिले तेलुगूतले मोजके शब्द. त्यातला सगळ्यात जास्त ऐकू यायचा तो "वद्दु". नको. जेवण वद्दु, डॉक्टर वद्दु, कूस बदलणं वद्दु. एक गोष्ट मात्र हवी असायची. खाट मागांच्या बरोबर वर. खालून खडखडाट आला की जमीन थरथरायची आणि त्यांचा डोळा लागायचा. वीज गेली, माग थांबले, की ते दचकून जागे व्हायचे.

अम्मा त्यांचं सगळं करायची. जन्मभर कापसाची धूळ खाल्ल्यामुळं तिला दमा होता, पण घरात एकच पेशंट असतो अशी तिची समजूत होती, आणि तो पेशंट नायना होते.

मागच्या गल्लीत एका कारखान्याला आग लागली, तेव्हा वर राहणारं कुटुंब वाचलं ते केवळ सगळे लग्नाला गेले होते म्हणून. आम्ही बघून आलो. भिंती उभ्या होत्या, जिना नव्हता. अम्मा घरी येऊन नायनांच्या पायथ्याशी बसली आणि म्हणाली, "आपल्याला निघावं लागलं, तर यांना कसं न्यायचं?"

मी म्हणाले, "उचलून."

"कुणी?"

इथून ते सगळं सुरू झालं. आधी मल्लाप्पाला विचारलं. मल्लाप्पा आमचा जुना कामगार, होटगीहून रोज गाडीनं यायचा, अंगानं दणकट. तो म्हणाला, "मी हाय की ताई. नुसता आवाज द्या." पण जिन्यात आग असली तर मल्लाप्पा वर येणार कसा? मग जिन्याचा नादच सोडला. उरली मागची खिडकी. खिडकीपलीकडं अरुंद बोळ, आणि बोळाच्या पलीकडं रशीदचाचांची गच्ची, जवळपास खिडकीच्याच उंचीची. फक्त मध्ये लोखंडी जाळी होती. सुताची चोरी झाली होती तेव्हा नायनांनीच ती बसवून घेतली होती.

चाचांकडं विचारायला गेले, तेव्हा मला फार संकोच वाटत होता. आमच्यामुळं दुसऱ्याच्या डोक्याला ताप. चाचा विडी विझवत म्हणाले, "बेटी, पूछने की क्या बात है? गच्ची तुमारीच समझो. हौर मैं दोपहर में घरपेच रहता हूँ." त्यांनीच एक जाड फळी शोधून दिली, बोळावर टाकायला.

जाळी कापून तिला दारासारख्या बिजागऱ्या लावल्या. वेल्डिंगवाला काम करत होता तेव्हा नायनांनी भिंतीकडं तोंड केलं ते रात्रीपर्यंत वळवलं नाही. खाट खिडकीला लावली, तिच्या पायांखाली विटा देऊन खिडकीच्या कट्ट्याच्या उंचीला आणली. अंगाखाली कायम दुहेरी शिवलेली चादर, आमच्याच गल्लीत विणलेली, चार कोपरे धरून म्हैस उचलली तरी फाटणार नाही अशी. ठरलं असं की मी आधी फळीवरून पलीकडं जायचं, मी आणि चाचांनी ओढायचं, अम्मानं आतून ढकलायचं.

कारखान्याच्या सुट्टीच्या दिवशी सराव करायचो. आधी चादरीत सुताचा गठ्ठा घालून. पहिल्यांदा तो बोळात पडला, आणि अम्मा एवढी हसली की तिला धाप लागली. मग गठ्ठा नीट जायला लागला. मग खुद्द नायनांना अर्ध्यापर्यंत सरकवून बघायला लागलो. ते डोळे मिटून म्हणत राहायचे, "वद्दु, वद्दु." मला वाटायचं त्यांना भीती वाटते. अम्मा म्हणाली, "भीती नाही. मला इथंच सोडून तुम्ही जा, म्हणतायत."

तुम्हाला ही गोष्ट धाडसाची वाटत असेल. जगताना ती नुसती थकवणारी होती. दिवसभर खाली माग, ऑर्डरी, विजेचे नखरे, आणि कुठंही असले तरी मनात एकच हिशेब, आत्ता झालं तर? चाचा घरी आहेत का? फळी जागेवर आहे का? बाजारातून येताना गल्लीच्या तोंडाशी आले की मी आधी आभाळाकडं बघायची, धूर दिसतो का. लग्नकार्याला गेले तर जेवणावरून उठून फोन करायची. घर म्हणजे टेकायची जागा, असं इतर लोक म्हणायचे तेव्हा मला त्यांचा हेवा वाटायचा.

आणि मग ते झालं. एका मागाच्या मोटारीतून ठिणगी उडाली, सुतानं पेट घेतला. मी जेवायला वर आले होते. खालून मल्लाप्पाची आरोळी आली, "ताई, जिन्यानं येऊ नगा! खिडकी, खिडकी!" कामगार शटरमधून बाहेर पळाले. मी जाळी उघडली, फळी टाकली, चाचांना हाक मारली. चाचा खरंच घरी होते.

पलीकडं जाऊन चादर धरली आणि बघते तर नायनांनी डावा, चांगला हात पुढं करून खिडकीची चौकट पकडलेली. मला वाटलं, अडवतायत. ते ओढत होते. स्वतःला बाहेर ओढत होते. आणि तोंडानं म्हणत होते, "पदा, पदा." चला. तो शब्द आजारपणात मी त्यांच्या तोंडून एकदाही ऐकला नव्हता. अम्मानं पायांकडून ढकललं, आम्ही ओढलं, आणि सरावात कधी गेले नव्हते इतके अलगद ते गच्चीवर आले.

सगळं ठरल्याप्रमाणं झालं. फक्त ठरवताना अम्मा सगळ्यात शेवटी आत राहणार होती, आणि तिनं बाहेर कसं यायचं ते आम्ही कुणी ठरवलंच नव्हतं. तिनंही नाही. धूर छातीत गेला आणि ती खाटेशेजारी खाली बसली. मला तिचा नुसता हात दिसत होता. नायना गच्चीवर पडल्या पडल्या खिडकीकडं बघून ओरडत होते, "पदा! पदा!"

मी फळीवर पाय टाकला तेवढ्यात मल्लाप्पा चाचांच्या जिन्यानं वर आला, मला धरून बाजूला केलं, म्हणाला, "सरका ताई. अम्मा कुटं हायती?" आणि उपरणं तोंडाला लावून आत गेला. तो तिला खांद्यावर टाकून बाहेर आला तेव्हा तिचे डोळे मिटलेले होते. "श्वास हाय, श्वास हाय," असं तो आम्हाला सांगत होता की स्वतःला, कोण जाणे.

अम्मा वाचली. दवाखान्यात डॉक्टरांनी सांगितलं, छाती आता पूर्वीसारखी होणार नाही, धुळीच्या आसपासही ठेवू नका. माग भंगारात गेले. माझा धाकटा भाऊ शिनू पुण्याहून आला आणि आम्हाला गाडीत घालून घेऊन गेला. शिनूनं काही कमी केलं नाही, हे इथं मुद्दाम लिहिते. त्याचा फ्लॅट अकराव्या मजल्यावर. स्वच्छ हवा, वारा, डोंगर दिसायचा. धुळीचा कण नाही. लिफ्टशेजारी एक पाटी होती, आग लागल्यास लिफ्टचा वापर करू नये. पहिल्याच दिवशी मी ती वाचली आणि जिना कुठं आहे ते शोधायला गेले.

आता न चालणारी दोन माणसं होती. नायना, आणि एक मजला उतरलं तरी धाप लागणारी अम्मा. मी सोसायटीच्या सेक्रेटरींना भेटले. ते भले गृहस्थ. म्हणाले, "मॅडम, सगळी सिस्टीम बसवलेली आहे. आपल्याकडं असं काही होत नाही." शिनू म्हणायचा, "अक्का, तू उगाच टेन्शन घेतेस." घेत होते, खरं आहे. समोरच्या फ्लॅटची बेल वाजवली, दुपारी कोण घरी असतं ते विचारायला. दुपारी कुणीच नसायचं, सगळे ऑफिसला. मजल्यामजल्यावर बंद दारं. मी जिन्याच्या वळणांवर उभी राहून चादर कुठं अडकेल ते बघत होते, तेव्हा माझ्या लक्षात आलं की मी दमून गेलेय. उतरून नाही. पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचं, या विचारानं.

वर आले. अम्मा दार उघडून वाटच बघत होती. म्हणाली, "विजया, बास झालं तुझं. जमिनीवर राहू या कुठंतरी."

शिनूला वाईट वाटलं. त्याचं चुकत नव्हतं, माझंही नाही.

आता आम्ही सोलापुरातच, होटगी रोडला, तळमजल्यावर भाड्यानं राहतो. आजूबाजूला कन्नड बोलणारी माणसं, गल्लीत तेलुगू ऐकू येत नाही, अम्माला बाजारात हवी ती भाजी मिळत नाही. मागांचा आवाज नाही, त्यामुळं नायनांना झोप लागत नाही. मालकीणबाई खोल्या दाखवताना म्हणाल्या होत्या, "लई मोठ्या न्हाईत, पण पुढं एक दार हाय, मागं एक हाय." मी पुढचं काही न बघता हो म्हटलं.

दोन महिन्यांपूर्वीची गोष्ट. दुपारी जरा पाठ टेकली आणि मला गाढ झोप लागली. कित्येक वर्षांत मी दुपारी झोपले नव्हते. जाग आली तेव्हा नायनांची खाट रिकामी. अम्मा नाही. पुढचं दार सताड उघडं. मी ओरडतच बाहेर धावले.

ती दोघं फाटकाशी कडुलिंबाच्या सावलीत बसली होती. अम्मानं त्यांना एकटीनं शिनूनं घेऊन दिलेल्या व्हीलचेअरवर घेतलं होतं, थांबत थांबत, दम घेत ढकलत नेलं होतं, आणि आता ती शेंगा सोलून एकेक दाणा त्यांच्या चांगल्या हातावर ठेवत होती. माझा अवतार बघून म्हणाली, "काय झालं? झोपली होतीस, म्हणून उठवलं नाही."

मी विचारलं, "कुठं निघाला होतात?"

"कुठं नाही. यांना बाहेर यायचं होतं."

नायनांनी माझ्याकडं बघितलं, आणि तळहातावरचे दाणे माझ्यापुढं धरले. मी दोन घेतले. ते तिथंच उभ्यानं खाल्ले. घर म्हणजे काय, असं कुणी विचारलं तर मला आता एवढंच सांगता येईल, की जिथून आमची माणसं सावकाश बाहेर पडू शकतात, ते. मग मी आत गेले, दार उघडंच ठेवलं, आणि परत झोपले.