धूळ वाढत नाय

झुलेखाआपा रोज रोह्याहून पेणला यायच्या. आमच्या प्रयोगशाळेत शिरल्या की जंतू वाढवायच्या उबदार कपाटाचं दार उघडून आतल्या काचेच्या बश्यांना विचारायच्या, "काय गो, काय वाढवलंत?" मग एकेक बशी खिडकीच्या उजेडात धरून, एक डोळा मिटून बघायच्या. शिक्षण दहावी, पण वीस वर्षं त्यांनी हेच केलं होतं. मी एम.एस्सी., वयानं त्यांच्या निम्मी, आणि अहवालावर सही माझी.

निडी गावच्या एका बाईंच्या पायाची जखम चिघळली होती. तिच्यातले जंतू कुठल्याच एका औषधाला दाद देईनात, म्हणून आम्ही बशीत त्यांच्यावर दोन अँटिबायोटिक्स जोडीनं लावून पाहिली. दुसऱ्या दिवशी औषधाच्या चकत्यांभोवती स्वच्छ गोल पडला होता. तिथं जंतू उगवलेच नव्हते. मी खूश झाले.

"मॅडम, गोलात दोन ठिपके हायत," आपा म्हणाल्या.

"धूळ असेल."

"धूळ वाढत नाय. सकाळी बारीक होते, आता मोठे झालेत. परत लावूया."

परत लावायचं म्हणजे आणखी एक दिवस, आणि डॉक्टरांचे फोनवर फोन येत होते. पण खरं सांगायचं तर दहावी शिकलेल्या बाईनं मला शिकवावं, हे मला झोंबलं. "सही मी करते ना?" म्हणाले, आणि ही जोडी लागू पडते असा अहवाल पाठवून दिला.

आठवड्याभरात बाईंचं पाऊल कापावं लागलं. डॉक्टर फोनवर कडाडले, तेव्हा माझ्या तोंडून निघून गेलं, "बशी आपांनी बघितली होती." आपा तिथंच हात धूत होत्या. त्यांनी नळ बंद केला, हात पुसले आणि पुढची बशी उचलली.

त्यांनी काम सोडल्यावर मी एकदा रोह्याला त्यांच्या घरी गेले. माफी मागितली. आपांनी चहा पुढे केला.

"निडीला गेलीस?"

"नाही."

"मी गेले होते, तवाच. तिला म्हटलं, बाय, माझी चूक झाली."

"पण आपा, चूक माझी होती!"

"ठिपके मला दिसले होते गो. मी डॉक्टरला सांगायला हवं होतं. तू मॅडम, म्हणून गप ऱ्हायले." मग म्हणाल्या, "जा तू. ती रागवायची नाय. मला चहा पाजलान तिनं."

हातातला कप मला तोंडाला लावता येईना.

आपा वारल्या, त्याला आता वर्ष होईल. निडीला मी अजून गेलेले नाही.