संस्कृत विभागातला फ्रिज

जीवशास्त्र विभागाच्या डॉ. सुनंदा म्याकल मॅडमांची आणि माझी ओळख एका फ्रिजमुळे झाली. सोलापुरातला उन्हाळा, विज्ञान इमारतीतली वीज दुपारभर बेपत्ता, आमचा संस्कृत विभाग मात्र प्राचार्यांच्या कक्षाच्याच लाइनवर. दोन शिपाई, फ्रिज आणि मागे मॅडम अशी मिरवणूक दारात आली. “सर, तुमच्याकडे वीज जात नाही म्हणे. विद्यार्थीही येत नाहीत. जागा असेलच की.” दोन्ही विधाने खरी असल्याने मला वाद घालता आला नाही.

फ्रिजमध्ये इवलीशी कुपी होती. मज्जातंतूंच्या वाढीला चालना देणारे एक प्रथिन शरीरात असते. नेमके त्यालाच चिकटणारी ही अँटिबॉडी. ती चिकटली, की प्रक्रियेनंतर सूक्ष्मदर्शकाखाली तपकिरी रंग दिसतो. मधुमेहाने पाय बधिर झालेल्यांच्या कातडीत हे प्रथिन किती उरते, हे मॅडम शोधत होत्या. भवानी पेठेतल्या मल्लय्या आजोबांनी, यंत्रमागापाशी जन्म काढलेल्या आपल्या बधिर पायाच्या कातडीचा तीळभर तुकडा त्यासाठी आपणहून दिला होता.

रंग सुरेख आला. शोधनिबंध स्वीकारला गेला. महाविद्यालय तपासायला येणाऱ्या मूल्यांकन समितीसाठी फलकसुद्धा रंगला. पण मॅडमना एक खोड आहे. फार आनंद झाला, की त्यांना संशय येतो. त्यांनी अँटिबॉडी आधी त्याच प्रथिनात मुरवली, म्हणजे कातडीला चिकटायला ती शिल्लकच राहू नये. तरीही रंग आला! अँटिबॉडीबाई भलत्यालाच चिकटत होत्या. जे सिद्ध करायचे ते नसते तिथेही हजर असणाऱ्या पुराव्याला आमच्या न्यायशास्त्रात ‘सव्यभिचार’ म्हणतात. मॅडमना शब्द फार आवडला; तेव्हाच्या प्राचार्यांना मुळीच नाही.

ते माझ्या खोलीतच मॅडमना म्हणाले, “रंग आलाय ना? समितीला काय कळतंय?”

“समितीला नसेल कळत. मला कळतंय.”

“विभागप्रमुखपद जाईल, मॅडम.”

“जाऊ द्या की. ती खुर्ची तशीही डगमगते.”

निबंध मागे घेतला गेला. खुर्चीही गेली.

मॅडम स्वतः भवानी पेठेत सांगायला गेल्या. मी सोबत होतो. आजोबांचा चेहरा उतरला. “काय ओ मॅडम, माझं कातडं वाया गेलं म्हणायचं?”

“नाही आजोबा. तुमच्या कातड्यानंच खोटं पकडलं.”

“मग अजून लागलं तर घ्या की! दुसरा पाय हाय.”

पुढे कितीतरी कुप्या आल्या आणि नापास झाल्या. सध्याची पहिल्या परीक्षेत उतरली आहे. नको तिथे ती रंगत नाही. खरे काम आता कुठे सुरू होते आहे, आणि नेमक्या याच वेळी मॅडम साठ वर्षांच्या होऊन निवृत्त होत आहेत. ‘फ्रिज विभागातून हलवावा’ अशी कार्यालयाची सूचना माझ्या टेबलावर पडली आहे. मॅडमांच्या गौरव अंकासाठी लिहिलेला हा लेख हेच माझे लेखी उत्तर समजावे. फ्रिज हलणार नाही. मॅडम रोज येतील.

त्यांना शतायुष्य लाभो. त्यांची नाही म्हणण्याची ताकद तसूभरही कमी न होवो. आणि वैशाखात तापलेल्या सोलापुरी फरशीचा चटका त्यांच्या तळव्यांना अखेरपर्यंत लख्ख जाणवो. एके दिवशी मल्लय्या आजोबांच्याही.